धूमकेतूची शेपटी आणि आमचे 'नेहमी'

२०२५ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. आमच्या भंडारा जिल्ह्यात त्या सुमारास धानाची कापणी उरकत आलेली असते आणि गावोगाव चुरणीची गडबड असते. नववीच्या वर्गातील एका मुलीने घरच्या मोबाइलवर आलेला मजकूर वहीत उतरवून आणला होता. त्याचा सारांश असा : सूर्यमालेच्या बाहेरून एक वस्तू आली आहे. तिची शेपटी सूर्याच्या दिशेला आहे. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. म्हणून ही वस्तू धूमकेतू नसून परग्रहावरचे यान आहे.

मी हसून ते उडवून लावणार होतो. पण ती म्हणाली, "सर, शेपटी नेहमी उलट्या दिशेला असते हे तुम्हीच तर लिहून दिलं होतं ना?"

मला उत्तर देता आले नाही. वहीत खरोखरच माझे वाक्य होते, आणि 'नेहमी' या शब्दाखाली रेघही मारलेली होती. मजकुरातील तर्क बिनचूक होता. खोट होती ती पहिल्या विधानात, आणि ते विधान मीच मुलांच्या हाती दिले होते.

त्या दिवसापासून या वाक्याकडे मी जरा संशयाने पाहू लागलो. आपण बहुतेक शिक्षक ते वापरतो, फळ्यावर तीच आकृती काढतो आणि परीक्षेत त्यावर एक गुण देतो. म्हणून एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या एका वाक्याचे आणि त्याच्या सोबतच्या आकृतीचे परीक्षण येथे करायचे आहे.

वाक्यातील तीन उणिवा

पहिली उणीव म्हणजे 'शेपटी' हे एकवचन. धूमकेतूला सामान्यतः दोन प्रकारच्या शेपट्या असतात. एक वायूची, म्हणजे विद्युतभारित अणुरेणूंची. दुसरी धुळीची. १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला दिसत होता, तेव्हा ज्यांनी त्याची रंगीत छायाचित्रे पाहिली असतील त्यांना दोन्ही आठवतील. एक सरळ व निळसर, दुसरी रुंद, वाकलेली व पिवळट पांढरी. आपली आकृती या दोघींना एकाच फराट्यात गुंडाळते.

दुसरी उणीव कारणाची. 'सूर्याच्या उष्णतेमुळे' असे मुले लिहितात आणि आपण बरोबरची खूण करतो. उष्णतेमुळे बर्फाची वाफ होते आणि तिच्याबरोबर धूळ सुटते, हे खरे. पण सुटलेल्या मालाला दिशा देणारी कारणे वेगळी आहेत, आणि दोन्ही शेपट्यांची कारणेही वेगवेगळी आहेत. वायूच्या शेपटीला सौरवारा ओढून नेतो. हा सूर्यातून निघणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने वाहतो. किंबहुना असा प्रवाह असला पाहिजे हे लुडविग बिअरमान यांनी १९५१ मध्ये धूमकेतूंच्या वायूशेपट्यांवरूनच ताडले. धुळीला मात्र ढकलतो तो सूर्याचा प्रकाश. प्रकाश शेपटीला ढकलत असावा ही कल्पना केप्लरने १६१९ मध्येच मांडली होती. प्रकाशाचा दाब प्रयोगशाळेत मोजायला लेबेदेव यांना १९०१ साल उजाडले.

तिसरी आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे तो 'नेहमी'. वायूच्या शेपटीबाबत हा शब्द बराचसा चालतो. धुळीच्या बाबतीत तो चालत नाही.

येथे आपल्या भाषेबद्दल एक चांगली गोष्ट नोंदवली पाहिजे. धूमकेतू म्हणजे धुराचा झेंडा. धूर म्हणजे तरी काय? हवेत तरंगणारे घन पदार्थाचे अतिसूक्ष्म कण. तेथे जळत काहीच नसले तरी, डोळ्यांना दिसणारी शेपटी सूक्ष्म कणांची आहे एवढे या जुन्या नावाने बरोबर पकडले आहे. आमच्या वाक्याने नेमके तेच सोडून दिले.

खळ्यावरचे शास्त्र

धुळीची शेपटी समजून घ्यायला आमच्या मुलांना दूर जावे लागत नाही. चुरणीनंतरची उफणणी त्यांनी पाहिलेली असते. वाऱ्याकडे पाठ करून सूप उंच धरतात आणि हळूहळू रिते करतात. भरलेला दाणा जवळ पडतो. पोचट दाणा थोडा पुढे जातो. कोंडा आणि तुसे सगळ्यात लांब उडतात. माल एकाच सुपातून पडतो, वाराही एकच असतो, तरी प्रत्येकाची जागा वेगळी ठरते. का? वाऱ्याचा जोर वस्तूच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो आणि वजन तिच्या आकारमानावर व घनतेवर.

धूमकेतूच्या धुळीचेही तसेच आहे. कणाची त्रिज्या निम्मी केली तर त्याच्यावर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो, पण वजन एक अष्टमांश होते. म्हणजे वजनाच्या मानाने प्रकाशाचा रेटा दुप्पट झाला. पाण्याइतक्या घनतेचा आणि पडलेला सर्व प्रकाश शोषून घेणारा कण घेतला, तर १ मायक्रॉन त्रिज्येच्या कणावर प्रकाशाचा रेटा सूर्याच्या आकर्षणाच्या सुमारे ०.५७ पट असतो. १० मायक्रॉनच्या कणावर तो ०.०५७ पट, आणि १ मिलिमीटरच्या, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढ्या कणावर ०.०००५७ पट. या गुणोत्तराला शास्त्रज्ञ 'बीटा' म्हणतात.

आता यातली खरी गंमत पाहा. सूर्याचे आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. प्रकाशाचा रेटाही त्याच नियमाने कमी होतो. त्यामुळे कण सूर्याजवळ असो की दूर, त्याचा बीटा बदलत नाही. कणाच्या दृष्टीने जणू सूर्याचे वजनच तेवढ्या प्रमाणात कमी झालेले असते. अशा हलक्या सूर्याभोवती तो केप्लरच्याच नियमांनी, पण धूमकेतूपेक्षा निराळ्या आणि अधिक बाहेरच्या कक्षेत फिरू लागतो. बाहेर गेला की मागे पडतो. म्हणून धुळीची शेपटी वाकते. ती काठीसारखी सरळ दाखवणारी आकृती हे मागे पडणे दाखवूच शकत नाही.

उफणणीचा दाखला कुठे तुटतो हेही मुलांना सांगायला हवे. खळ्यावर वजन दाण्याला खाली खेचते आणि वारा आडवा ढकलतो. अवकाशात आकर्षण आणि रेटा एकाच रेषेत, परस्परांच्या विरुद्ध असतात. शिवाय सूप धरणारा माणूस एका जागी उभा असतो, धूमकेतू मात्र वेगाने धावत असतो. दाखला देऊन थांबलो, तर एका अर्धसत्याच्या जागी दुसरे अर्धसत्य बसवल्यासारखे होईल.

शेपटी वाचण्याची युक्ती

मायकेल फिन्सन आणि रोनाल्ड प्रॉबस्टीन यांनी १९६८ मध्ये या विचाराला व्यवस्थित गणिताचे रूप दिले. त्यांची पद्धत दोन प्रकारच्या रेषांवर उभी आहे. एकाच आकाराचे, पण वेगवेगळ्या दिवशी सुटलेले कण आज कुठे असतील ते जोडणारी एक रेषा. आणि एकाच दिवशी सुटलेले, पण वेगवेगळ्या आकारांचे कण जोडणारी दुसरी. या दोन प्रकारच्या रेषांचे जाळे छायाचित्रावर ठेवले की शेपटीच्या प्रत्येक भागाबद्दल विचारता येते : येथली धूळ केव्हा सुटली? ती किती जाड आहे? तेथील उजेडावरून ती किती असावी?

अर्थात ही पद्धत जादूची कांडी नाही. कण सुटताना त्याचा वेग किती होता, तो किती प्रकाश परावर्तित करतो, तो भरीव आहे की पोकळ, याबद्दल काही गृहीत धरावे लागते. गृहीत बदलले की उत्तर बदलते. एकच आकार दोन निराळ्या गृहीतांतूनही निघू शकतो. म्हणून इतर मार्गांनी पडताळा घ्यावा लागतो. धुळीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचे ध्रुवण मोजणे हा असा एक मार्ग. पुण्याच्या 'आयुका' संस्थेच्या गिरवली येथील २ मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून धूमकेतूंवर असे काम झालेले आहे. प्रत्यक्ष धूळ हाती घेणे हा दुसरा मार्ग. 'स्टारडस्ट' यानाने विल्ड-२ धूमकेतूची धूळ २००६ मध्ये पृथ्वीवर आणली. 'रोझेटा' यानाने २०१४ ते २०१६ या काळात ६७-पी धूमकेतूजवळ राहून कण गोळा केले, आणि त्यांतील पुष्कळसे भुसभुशीत गोळ्यांसारखे निघाले. पाण्याइतक्या घनतेचा भरीव कण हे वर मी घेतलेले गृहीतही त्यामुळे ढोबळच समजावे.

उलटी दिसणारी शेपटी

आता त्या मुलीच्या वहीतील प्रश्नाकडे वळू. सूर्याकडे रोखलेली शेपटी दिसू शकते का? दिसू शकते, आणि तीही दोन अगदी वेगळ्या कारणांनी.

पहिले कारण दृष्टीचे. जाड कणांचा बीटा नगण्य असतो. ते धूमकेतूच्या कक्षेच्या आसपासच रेंगाळतात आणि कक्षेच्या पातळीत एखाद्या पत्रावळीसारखे पसरतात. पत्रावळ वरून पाहिली तर विरळ दिसते, कडेने पाहिली तर एक ठळक रेघ दिसते. पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेच्या पातळीतून जाते, तेव्हा आपण ही पत्रावळ कडेने पाहतो, आणि कोन जुळला तर ती रेघ आकाशात सूर्याच्या बाजूला आलेली दिसते. १९५७ च्या एप्रिलअखेर आरेंड-रोलां या धूमकेतूला अशी भाल्यासारखी उलटी शेपटी दिसली होती. फिन्सन आणि प्रॉबस्टीन यांनी आपली पद्धत याच धूमकेतूवर लावून पाहिली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्सुचिनशान-ॲटलस हा धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला आला, तेव्हाही पृथ्वी त्याच्या कक्षेच्या पातळीतून गेली आणि उलटी शेपटी छायाचित्रांत स्पष्ट उमटली.

दुसरे कारण खरोखरीचे आहे. धूमकेतूचा सूर्याकडचा भाग तापतो, म्हणून वाफ आणि धूळ मुख्यतः त्याच बाजूने, सूर्याच्याच दिशेने बाहेर पडते. बारीक धूळ प्रकाशाच्या रेट्याने लवकर मागे वळते. जाड कण मात्र बरेच पुढे जातात. वाऱ्याच्या तोंडावर मूठभर तुसे फेकली तर ती आपल्याच अंगावर येतात, मूठभर धान फेकले तर ते पुढे जाऊन पडते. २०२५ च्या १ जुलैला चिलीतील ॲटलस दुर्बिणीने जी वस्तू शोधली, त्या '३-आय ॲटलस' या आंतरतारकीय धूमकेतूच्या बाबतीत हेच दिसले. २१ जुलैला हबल दुर्बिणीने घेतलेल्या चित्रात धुळीचा फुगारा सूर्याच्या बाजूला होता. त्यावरून एवढेच निघते की सुटलेल्या धुळीत जाड कणांचा वाटा मोठा असावा. नोव्हेंबरमध्ये माउंट अबू येथील भौतिकीय संशोधन प्रयोगशाळेच्या १.२ मीटर दुर्बिणीतूनही त्याचे वेध घेण्यात आले, आणि त्याच्या वर्णपटात धूमकेतूंत नेहमी सापडणाऱ्या रेणूंच्या खुणा मिळाल्या.

म्हणजे वहीतल्या मजकुरातील निरीक्षण खरे होते. नियम चुकीचा होता. नियम पाठ केलेल्या मुलाला एकच पर्याय उरतो : निरीक्षण नियमात बसत नाही, तर वस्तू धूमकेतू नाही. कारण समजलेल्या मुलाला दुसरा प्रश्न सुचतो : येथली धूळ जाड असेल का?

विश्वास कोणावर?

या संदर्भात जयंत नारळीकरांच्या 'धूमकेतू' या कथेची आठवण होते. कोलकात्याचा दत्त नावाचा हौशी निरीक्षक एक धूमकेतू शोधतो. तो पृथ्वीवर आदळणार असे गणित निघते. शास्त्रज्ञांची गुप्त परिषद भरते आणि अण्वस्त्राच्या साहाय्याने त्याला वळवले जाते. इकडे घरच्या मंडळींनी शांतीसाठी यज्ञ केलेला असतो, आणि संकट टळले याचे श्रेय यज्ञाला दिले जाते. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, त्यानंतर ही कथा मी वर्गात पुन्हा वाचून दाखवली. ती आजही मुलांना धरून ठेवते, आणि शेवटचा चिमटा त्यांना बरोबर कळतो.

तरी एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. कथेत गणित परिषदेच्या बंद दारांआड राहते. वाचकाला ते दिसत नाही. यज्ञाचे मंत्रही त्याला कळत नाहीत. मग त्याने शास्त्रज्ञांच्या बाजूने उभे राहावे ते कशाच्या बळावर? या बाजूची माणसे अधिक शिकलेली आहेत म्हणून? कथेचा हेतू वेगळा आहे आणि छोट्या कथेवर सगळा भार टाकणे अन्यायाचे होईल, हे मला मान्य आहे. शास्त्र दार उघडे ठेवून कसे शिकवावे, हे नारळीकरांनी आपल्या इतर लेखनातून आणि 'आयुका'च्या मुलांसाठीच्या उपक्रमांतून पुष्कळ दाखवले आहे. पण वर्गात ही कथा वाचून आपण थांबलो, तर मुलांना कोणावर विश्वास ठेवायचा एवढेच कळते. कसे तपासायचे ते कळत नाही. आज मोबाइलवर येणारा मजकूर यज्ञाची भाषा बोलत नाही. तो आकडे देतो, हबलचे चित्र देतो आणि शाळेतला नियमही देतो. तो शास्त्राचाच वेष घालून येतो. तेथे निव्वळ विश्वास कामाला येत नाही.

तपासणे म्हणजे काय, याचे उत्तम उदाहरणही धुळीनेच दिले आहे. टेंपल-टटल हा धूमकेतू सुमारे ३३ वर्षांनी येतो, आणि त्याच्या धुळीमुळे नोव्हेंबरात सिंह राशीतील उल्कावर्षाव होतो. १९९८ साली १७ नोव्हेंबरच्या रात्री आम्ही काही शिक्षक मुलांना घेऊन वैनगंगेच्या वाळूत जागलो होतो. अपेक्षेच्या मानाने फार थोडे दिसले. प्रखर उल्कांची गर्दी अंदाजाच्या सुमारे १६ तास आधीच होऊन गेली होती. मुले म्हणाली, शास्त्रज्ञ चुकले. खरेच चुकले होते. पण पुढच्याच वर्षी डेव्हिड ॲशर आणि रॉबर्ट मॅकनॉट यांनी धूमकेतूच्या प्रत्येक फेरीतील धुळीचा पट्टा वेगळा धरून गणित केले. १८९९ च्या फेरीतील धूळ १९९९ च्या १८ नोव्हेंबरला अमुक वेळी पृथ्वीला भेटेल असे त्यांनी आधी जाहीर केले, आणि वर्षावाचा भर त्या वेळेपासून काही मिनिटांच्या आत आला. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते, सूर्य वर आला होता, म्हणून आपल्याला काही दिसले नाही. आधीची चूक, तिच्यातून सुधारलेले प्रारूप आणि घड्याळ लावून घेतलेली परीक्षा, या तीन पायऱ्या मुलांना दाखवता आल्या तर यज्ञात आणि गणितात फरक काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

वर्गात करता येण्यासारखे

तीन गोष्टी मी करून पाहिल्या. तिन्हींना खर्च नाही.

एक : टेबलपंख्यासमोर सुपातून धान, पोचट दाणे आणि तुसे एकत्र सोडावीत. खाली कागदावर पडलेल्या मालाची अंतरे मोजून वहीत लिहावीत. मग हा दाखला कुठे तुटतो, ते मुलांनाच विचारावे.

दोन : अंधाऱ्या खोलीत जमिनीवर एक दिवा, म्हणजे सूर्य. त्यापासून दोन हातांवर चेंडू, म्हणजे धूमकेतू. चेंडू ज्या दिशेने चालला असे धरले असेल, त्याच्या उलट बाजूला आणि दिव्यापासून किंचित अधिक दूर अशी खडूच्या तुकड्यांची रांग मांडावी. आता मुलांनी चोहोबाजूंनी, डोळा जमिनीलगत नेऊन पाहावे. चेंडू चालला आहे त्या बाजूने पाहिले की काही जागांवरून तुकडे चेंडूच्या दिव्याकडच्या बाजूला दिसतात. एकही तुकडा दिव्याच्या जवळ नसताना! तो क्षण मुले विसरत नाहीत.

तीन : त्रिज्या निम्मी, पाव, दशांश केल्यावर पृष्ठभाग आणि घनफळ यांचे गुणोत्तर कसे बदलते, याचा तक्ता मुलांनी स्वतः भरावा. आठवीच्या गणितात हे बसते.

आणि फळ्यावरचे वाक्य? ते मी आता असे लिहितो : 'धूमकेतूची वायूची शेपटी सौरवाऱ्यामुळे जवळजवळ सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. धुळीची शेपटी प्रकाशाच्या दाबामुळे तयार होते व वाकते. तिचा आकार कणांच्या जाडीवर, ते केव्हा सुटले यावर आणि आपण कोठून पाहतो यावर अवलंबून असतो.' वाक्य लांबले आहे. एका गुणाच्या प्रश्नाला ते गैरसोयीचे आहे. परीक्षेत मुलांचे नुकसान होऊ नये म्हणून जुने वाक्यही मी सांगतो, पण ते कुठे कमी पडते तेही त्याच तासाला सांगतो.

त्या मुलीने वहीतला 'नेहमी' खोडला आणि शेजारी लिहिले, 'धूळ किती जाड?' माझ्या अनेक वर्षांच्या नोकरीत माझे वाक्य इतक्या नेमकेपणाने कोणी दुरुस्त केले नव्हते.